पांढऱ्या घोंगडीची तक्रार

राजनंदिनीने तव्यावरची भाकरी उलटली, तेवढ्यात ओट्यावरचा मोबाईल थरथरला. हात पिठाचेच होते, तरी तिने करंगळीने फोटो उघडला. कुणाच्या तरी लखलखीत फरशीवर तिची पांढरी घोंगडी पसरलेली होती आणि घोंगडीच्या ऐन मध्यावर एक पिवळाजर्द डाग होता. ठिपका नव्हे, चांगला तळहाताएवढा, कडेकडेला फिकट होत गेलेला. खाली ग्राहक बाईंनी मोठ्या सभ्यपणे लिहिलं होतं, 'घोंगडी फार सुंदर आहे हो, पण वाटेत हिच्यावर काहीतरी सांडलेलं दिसतंय. तुमचा दोष नाही, कुरियरवाल्यांनाच कशाची पर्वा नसते. पण अशी मी ठेवून घेऊ शकत नाही.' त्याच्याखाली ॲपचा प्रश्न होता: नुकसान कुठे झाले? आणि उत्तराला दोन पर्याय, 'विक्रेत्याकडे' आणि 'वाहतुकीत'. राजनंदिनीने 'वाहतुकीत'वर बोट ठेवलं. भाकरी फुगायच्या आत हे सगळं उरकलं. मग भाकरी फुगली, तिने ती काढून टोपल्यात टाकली, दुसरी थापायला घेतली, आणि थापता थापता तिचा हात हवेतच थांबला. डाग कशाचा आहे हे तिला फोटो बघताक्षणीच कळलं होतं. बोट त्याच्यानंतर उठलं होतं. आधी बोट उठलं आणि समज मागून आली असं झालं असतं, तर तिला स्वतःची बाजू घेता आली असती. पण तसं झालेलं नव्हतं, आणि हे तिच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाच माहीत असण्याचं कारण नव्हतं.

तो भंडारा होता. तिच्या सासूच्या, केराबाईच्या कमरेच्या पिशवीतली बिरोबाची हळद. मेंढरं विकून आणि नवऱ्याचं दिवसपाणी करून झाल्यावर केराबाई मंद्रूपकडच्या वस्तीवरनं जुळे सोलापुरात मुलाकडे राहायला आली, तेव्हा तिच्याबरोबर एक गाठोडं, लोकर कातायची चाती आणि ही पिशवी एवढंच होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तिने आपल्या सगळ्या सवयी गुपचूप गुंडाळून ठेवल्या. पहाटे हाका मारायच्या सोडल्या, दारात थुंकायचं सोडलं, गॅसला भ्यायचंसुद्धा सोडलं. एक मात्र सोडलं नाही. लोकरीची वस्तू घराबाहेर निघाली की तिच्यावर चिमूटभर भंडारा टाकायचा. पूर्वी बाजाराला निघालेल्या कोकराच्या कपाळाला तो लागायचा, आता पार्सलात निघालेल्या घोंगडीला. 'आत्या, गिऱ्हाइकास्नी न्हाय आवडायचं,' असं राजनंदिनी एकदा म्हणाली होती. त्यावर केराबाईने तिच्याकडे असं बघितलं होतं, की जणू उपाशी पोराला प्रवासाला धाडायची गोष्ट चाललीय. 'आगं, रिकामं कसं धाडायचं?' मग राजनंदिनी तेवढ्यापुरती कात्री शोधायला लागायची नाहीतर चिकटपट्टी, आणि केराबाई तेवढ्यात आपलं काम करून घ्यायची. चिमूट कोरडी, घोंगडी झटकली की उडून जाणारी. आजवर कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

या खेपेला घोंगडी ओली होती. ओली म्हणजे निथळत नव्हती. पण घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, ती वरून कडक वाळली तरी आत पोटाशी ओल धरून बसते. केराबाईने गच्चीवर तळवा दाबून सांगितलं होतं, 'आजून वल हाय आतनं. उद्या धाड.' आणि राजनंदिनी म्हणाली होती, 'आत्या, आज न्हाय गेली तर ॲपवर उशीर दिसतोय तांबड्या अक्षरात.' तांबड्या अक्षराचा तिला शाळेपासून धसका. प्लॅस्टिकमध्ये घालून तिने घोंगडी बांधली, मध्ये कात्री शोधली, केराबाईने चिमूट टाकली. ओली लोकर ती हळद पिऊन बसली. म्हणजे घाई हिची आणि हळद तिची. दोघींनी मिळून, अगदी प्रेमाने, आपल्याच हाताने तो डाग पाडला होता आणि कुरियरवाल्याने बिचाऱ्याने तो नुसता उचलून नेला होता.

जेवताना केराबाईने विचारलंच, 'कुनाचा फोन हुता गं?' लपवायचं म्हटलं तर सहज लपलं असतं. पण माणूस एक खोटं केलं की ते कुणाला तरी दाखवून बघतो, चालतंय का म्हणून. 'घोंगडी माघारी येतीया, आत्या. वाटंत कायतरी सांडलंया तिच्यावर.' 'बघू?' म्हणत केराबाईने हात पुढे केला. राजनंदिनीने मोबाईल तिच्यासमोर धरला, जरा लांबच, जरा तिरका. केराबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला होता. टीव्हीवरची माणसं ती आवाजावरून ओळखायची. राजनंदिनीने त्या मोतीबिंदूवर भरवसा ठेवला, हे तिचं तिलाच नंतर फार लागलं. केराबाईने फोटोकडे बघितलं, बरंच बघितलं. 'आगं बया,' म्हणाली. मग भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तिने तो तसाच धरून ठेवला. 'कुरियरचा शिवूच न्हेतो न्हवं आपलं पार्सल?' 'व्हय,' राजनंदिनी म्हणाली. केराबाईने घास तोंडात घातला.

नवरा अजिनाथ एसटीत कंडक्टर. संध्याकाळी ड्युटीवरून आला, बूट काढता काढता त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसला. 'मग बराबर टिक मारलीस की. कुरियर कंपनीचं काय जातंय? त्येंचा इमा असतोय.' त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. दिवसभर खोट्या वयावर मागितलेली अर्धी तिकिटं बघून बघून त्याला खोटं म्हणजे हवामानासारखं वाटायला लागलं होतं, असतं, चालतं. राजनंदिनीला त्याचा आधारही वाटला आणि रागही आला. तिला वाटत होतं, त्याने एकदा तरी विचारावं, आईला काय सांगितलंस? पण त्याने आंघोळीला पाणी काढ म्हटलं.

पुढचे दिवस पिवळ्या रंगाने तिचा पिच्छा पुरवला. रंग काही नवा उगवला नव्हता, रोजचाच होता. वरण पिवळं, दारापुढच्या रिक्षाचा पट्टा पिवळा, समोरच्या इमारतीवरचा रंगाचा नवा हात पिवळा, शेजारच्या रेश्माने वाळत घातलेली साडी पिवळी. प्रत्येक ठिकाणी नजर जरा अडखळायची. आणि वास. ओल्या लोकरीचा आणि हळदीचा मिळून एक वास असतो, उबदार, थोडा कुबट. मोडनिंबच्या बागायती घरातून ती लग्न होऊन आली, तेव्हा त्या वासाने तिला पहिल्या रात्री मळमळलं होतं. लग्नात उधळलेला भंडारा तिच्या केसांच्या मुळाशी जाऊन बसलेला, किती न्हाली तरी उशीवर पिवळं उतरायचं. आपण बी.कॉम. झालेली मुलगी आणि आपल्या उशीवर हे, म्हणून ती उशीचा अभ्रा कुणाला न दाखवता धुवायची. सासूने ते एकदा बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी अभ्रा तिनेच धुऊन वाळत घातला होता. राजनंदिनीला हे इतक्या वर्षांनी का आठवावं कळेना. की कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं.

दुकान म्हणजे तरी काय होतं? ॲपवरचं एक पान, त्यावर घोंगड्यांचे फोटो आणि वर राजनंदिनीचं नाव. पण त्याच्याआधी या दोन खोल्यांत दोन बायका दिवसच्या दिवस एकमेकींशी न बोलता काढायच्या. केराबाई खिडकीशी चाती फिरवत, राजनंदिनी मोबाईल चाळत. एकदा गंमत म्हणून तिने केराबाईच्या अंथरुणावरच्या घोंगडीचा फोटो टाकला आणि कुणीतरी विचारलं, ही विकायची आहे का? तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं. केराबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. 'माझं अंथरून इकतीस व्हय गं?' त्या दिवसापासून दोघींना एक विषय मिळाला. लोकर कुठली, कातलेलं सूत कुणाकडे द्यायचं, कुठला विणकर काठाला लबाडी करतो. केराबाई शिकवायची, राजनंदिनी लिहून पानावर टाकायची, आणि लोकांनी छान लिहिलं की वाचून दाखवायची. 'काय म्हनत्याती?' 'उबदार हाय म्हनत्याती, आत्या.' 'आसंलच की. देवाची हाय.' आता तक्रार मागे घ्यायची म्हणजे 'विक्रेत्याकडे' लिहायचं. दुकानाचे तारे कमी होतील, ही भीती तिला होतीच, नव्हती असं म्हणणं खोटं ठरेल, आणि एक खोटं तिला पुरेसं झालं होतं. पण खरी भीती वेगळी. 'विक्रेत्याकडे' म्हटलं की का ते सांगावं लागेल. का ते सांगितलं की केराबाईला सांगावं लागेल, आत्या, तुम्ही ज्याला भंडारा म्हणता त्याला तिकडे डाग म्हणतात. मग ती पुन्हा कधी चिमूट टाकणार नाही. रुसणार नाही, भांडणार नाही. आणखी एक सवय गुंडाळून गाठोड्यात टाकेल आणि खिडकीशी बसेल. म्हणजे आपण सासूसाठीच खोटं बोललो, असं राजनंदिनीने स्वतःला सांगून पाहिलं. सांगताना बरं वाटलं. पण चहा गाळेपर्यंतसुद्धा ते टिकलं नाही, कारण भाकरी तव्यावर असताना तिने सासूचा विचार केलेलाच नव्हता.

मग पार्सल न्यायला शिवूच्या जागी दुसराच माणूस आला. हेल्मेटही न काढता त्याने पार्सल घेतलं. 'शिवू न्हाय आला?' राजनंदिनीने विचारलं. 'त्यास्नी घरी बसवलंय. तक्रार हाय त्येंच्यावर.' 'कसली?' 'मालावर कायतरी सांडलं म्हन. त्येंच्याकडं लेखी मागिटलंय, न्हाय दिलं तर कायमचंच घरी.' आणि तो जिन्याने उतरून गेला. राजनंदिनी कठड्याला धरून उभी राहिली. कुरियर कंपनी म्हणजे तिच्या डोळ्यांपुढे एक मोठं शटर, एक कॉम्प्युटर, एक विमा असं काहीसं होतं. त्या शटराखाली शिवू उभा असेल असं तिला वाटलं नव्हतं असंही नाही. तिने तिकडे बघितलंच नव्हतं. शिवू वळसंगचा, तिशी ओलांडलेला, बायको-पोरांचा बाप. रोज दारात आला की केराबाई त्याला कानडीत विचारायची, 'ऊटा आतेन?' जेवलास का? तो 'आतु, आज्जी' म्हणायचा आणि तरी उंबऱ्यावर टेकून चहा घ्यायचा. केराबाईला वस्तीवरची कानडी बोलायला इथे दारात येणारा हा एवढाच माणूस मिळाला होता. कधी पिशवीत हात असला तर ती त्याच्याही कपाळाला भंडारा लावायची आणि तो तसाच पिवळं कपाळ घेऊन गावभर पार्सलं वाटत हिंडायचा. राजनंदिनी घरात आली, मोबाईल उघडला, तक्रार उघडली. 'मागे घ्या' असं बटण होतं. ते दाबलं की कारण लिहायला मोकळी जागा यायची. त्या मोकळ्या जागेकडे ती बघत राहिली. आतल्या खोलीत केराबाईची चाती फिरत होती. तिने मोबाईल पालथा ठेवला. उद्या बघू, असं ती पुटपुटली, आणि हे बोलताना आपला आवाज थेट अजिनाथसारखा झाला हे तिला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवू आपल्या स्वतःच्या मोटारसायकलवरून आला. अंगात कंपनीचं जाकीट नव्हतं. दारात उभा राहून तो म्हणाला, 'वैनी, हायसा का?' आणि ती पुढे येताच चटकन खाली बघून बोलायला लागला, पाठ करून आल्यासारखा. 'काय न्हाय, सायेब म्हनत्यात, इकनाऱ्यानं लिवून दिलं तर बघू म्हनत्यात. तुमी आपलं एकदा बघा की, वैनी. मी काय सांडलं न्हाय. गाडीत दुसरं कायच नव्हतं त्या दिवशी, नुसती कापडंच हुती.' त्याने तिच्यावर आरोप केला नाही. त्याला काय झालं असावं याची कल्पना नव्हती असं होणं अवघड होतं, स्वतःच्या कपाळाचा रंग त्याने आरशात बघितलेला होता. पण तो तेवढंच म्हणाला, 'बघा की.' राजनंदिनी 'बस, शिवू' म्हणणार तोच आतून केराबाई बाहेर आली. चाती हातातच होती, सूत मागे लोंबत होतं. राजनंदिनीला वाटलं, आता ही विचारणार, ऊटा आतेन?

'शिवू, काय सांडलंस रं माझ्या घोंगडीवर?' केराबाई म्हणाली. मराठीत म्हणाली. 'कुटं ठिवलीस, कशाखाली दाबलीस? देवाचा माल हाय त्यो. मान्सानं इस्वासानं हातात द्यायचं आन तुमी कशातबी टाकायचं व्हय? लाज वाटाय पायजे की.' आवाज मोठा होता, पण सरळ नव्हता; मध्येच फाटत होता. रेश्माने शेजारचं दार किलकिलं केलं. शिवूने एकदा राजनंदिनीकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. मग तो केराबाईच्या पायांकडे बघत म्हणाला, 'चुकलं, आज्जी.'

शिवूने काहीच केलं नव्हतं, आणि तो चुकलं म्हणाला होता, इतक्या सहज, जसं पाणी मागणाऱ्याला पाणी द्यावं. एका म्हातारीला दारात खोटं पाडायचं नाही एवढ्यासाठी त्याने आपलं काम, आपलं नाव सगळं त्या शब्दावर ठेवून दिलं होतं. 'आत्या,' राजनंदिनी म्हणाली, 'थांबा. त्यानं न्हाय केलं. कुणीच काय सांडलं न्हाय. घोंगडी वली हुती, तुमी नगं म्हनताना मी बांधली. आन... त्यो भंडारा हाय, आत्या. आपलाच. मी खोटं लिवलं.' बोलून झाल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. ती दाराच्या चौकटीला टेकली. आता केराबाईचा चेहरा उतरताना बघायचा, एवढंच राहिलं होतं, आणि ते चुकवायचं नाही असं ठरवून तिने वर बघितलं.

केराबाई सूत गुंडाळत होती. 'ठावं हाय,' ती म्हणाली.

'कवा कळलं?'

'तू फोटू दावलास तवाच. मोतीबिंदू डोळ्यात हाय माझ्या, डोसक्यात न्हाय. जलमभर हाताला लागलीया ती हळद. मला वळकायची न्हाय व्हय?'

'मग ह्याला का बोल्लासा?' राजनंदिनीचा आवाज चढला. 'सगळं ठावं आसताना ह्याला का बोल्लासा?'

'तू सांगितलंस म्हनून,' केराबाई म्हणाली. 'घरातली पोर एक सांगतीया, आन मी भायेरच्या मान्सापुढं दुसरं बोलू? तुला उगडं पाडू?' तिने चाती कमरेला खोचली आणि शिवूकडे वळली. कानडीत ती त्याला दोनच शब्द बोलली. राजनंदिनीला कानडी येत नव्हती, पण केराबाईचे जोडलेले हात बघून तिला ते कळले; थोड्या वेळापूर्वी शिवू जे 'चुकलं' म्हणाला होता, तेच ते होतं. शिवू 'आसू दे, आज्जी, आसू दे' करत मागे सरकला आणि कठड्याला आपटला. राजनंदिनीला वाटलं होतं, आपण एकच खोटं बोललो. ते तर घरभर फिरलं होतं. जिने आयुष्यात कोकराचं वयसुद्धा चोरलं नसेल, तिला त्या खोट्याने दारात उभं करून एका निर्दोष माणसाला शिव्या द्यायला लावल्या होत्या. आणि ही बाई तो फोटो बघितल्यापासून इतके दिवस खिडकीशी बसून, सुनेचं खोटं जपत चाती फिरवत होती. राजनंदिनीला आपल्या सासूची इतकी माया वाटली आणि इतकी लाज वाटली, की दोन्ही वेगळं करता येईना.

ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि मोबाईल उघडला. 'मागे घ्या' दाबलं. मोकळी जागा आली. दोघांना ऐकू जावं म्हणून ती एकेक शब्द मोठ्याने म्हणत लिहायला लागली. शिवू चप्पल काढून बाजूला उकिडवा बसला. केराबाई चौकटीला धरून उभी राहिली, कान तिकडे लावून.

'कुरियरवाल्यांचा काही दोष नाही,' राजनंदिनीने लिहिलं. 'पार्सल नेणाऱ्या माणसाचा तर मुळीच नाही. घोंगडी पुरती वाळली नव्हती, तरी घाईने मी ती पॅक केली. पॅक करताना तिच्यावर घरातली हळद पडली.'

'काय म्हनलीस?' केराबाई म्हणाली.

'हळद पडली, आत्या.'

'पडली न्हाय,' केराबाई म्हणाली. 'म्या टाकली. चुकून पडल्यावानी लिवू नगंस. टाकली लिव.'

राजनंदिनीने 'पडली' खोडलं, तिथे 'सासूबाईंनी टाकली' असं लिहिलं, आणि पाठवून दिलं.